ईव्ह ऑनलाइनमधील सॅल्व्हेजिंग: उत्तम नियम, कंटाळवाणे काम आणि एक सूचना

आइसलँडच्या सीसीपी गेम्सने मे 2003 मध्ये सुरू केलेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाश-खेळात फुटलेले जहाज लगेच नाहीसे होत नाही. त्याचा सांगाडा मागे उरतो आणि कोणी हात लावला नाही, तर दोन तासांनी तो आपोआप संपतो. 2006 च्या अखेरीस ‘रेव्हेलेशन्स’ हा विस्तार आला, तेव्हापासून या सांगाड्यांतून भंगार काढता येते आणि त्या भंगारापासून रिग, म्हणजे जहाजात कायमचे बसवायचे सुधारणा-भाग, तयार होतात. रिग जहाजातून काढला तर नष्ट होतो आणि जहाज फुटले तर तोही त्याबरोबर जातो. त्यामुळे भंगाराची मागणी कधी आटत नाही. खेळाडूच कारखानदार, खेळाडूच व्यापारी आणि खेळाडूच लुटारू असलेल्या या जगात ही साखळी अतिशय चोख जमली आहे.

तिच्यातला सर्वांत उत्तम भाग मात्र कायद्याचा आहे. सांगाड्याच्या पोटातील माल हा ज्याने जहाज पाडले त्याचा किंवा ज्याचे जहाज पडले त्याचा मानला जातो, आणि तो तिसऱ्याने उचलला तर तो पंधरा मिनिटांसाठी ‘संशयित’ ठरून कोणाच्याही तोफेचे वैध लक्ष्य होतो. सांगाड्याचे भंगार मात्र कोणाचेच नसते. दुसऱ्याने कष्टाने पाडलेल्या शत्रूच्या जहाजांमधून एखादा नवखा खेळाडू आपल्या चिमुकल्या नौकेतून भंगार काढत फिरला, तरी सुरक्षा दलाला त्यात काही वावगे दिसत नाही. यावरून गेली कित्येक वर्षे भांडणे चालू आहेत आणि ती चालूच राहावीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण हाती भांडवल नसलेल्याला या खेळात शिरण्याचे इतके मोकळे दार दुसरे क्वचितच सापडते.

प्रत्यक्ष काम मात्र निराश करते. सांगाड्यापासून सुमारे पाच किलोमीटरच्या आत जायचे, तो लक्ष्य म्हणून निवडायचा, सॅल्व्हेजर, म्हणजे भंगार काढण्याचे यंत्र, सुरू करायचा आणि दहा सेकंदांच्या फेरीनंतर काय हाती लागते ते पाहायचे. अपयश आले तर यंत्र पुन्हा तीच फेरी करते. यश आले तरी आत काहीच उपयोगाचे नव्हते, असा निरोप कधी कधी मिळतो. 2010 च्या अखेरीस आलेल्या नॉक्टिस या खास जहाजाने आणि पुढे आलेल्या भंगार काढणाऱ्या ड्रोनने व 2013 मध्ये आलेल्या, सांगाडे जवळ ओढून आणणाऱ्या मोबाइल ट्रॅक्टर युनिटने हे काम पुष्कळ वेगवान केले, पण त्यात विचार करण्याजोगे काही आणले नाही. खाणकाम करणाऱ्यालाही कोणता दगड आधी फोडायचा हे ठरवावे लागते; भंगारवाल्याला तेवढेही नाही. नियमांना पाचपैकी पाच आणि कामाला दोन गुण देणे मला योग्य वाटते.

मुंबईच्या दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात जहाज मोडायला येते, तेव्हा त्याच्या पोलादाचा हिशेब निराळा आणि इंजिन, जनरेटर, पितळी सामान यांचे गिऱ्हाईक निराळे असते. ईव्हमध्ये जहाज कसे मेले याचा भंगारावर काहीच परिणाम होत नाही. वास्तविक या खेळात विद्युतचुंबकीय, औष्णिक, आघाती आणि स्फोटक असे नुकसानाचे चार प्रकार आहेत. शिवाय खेळाडूचे जहाज पडले की कोणी, कोणत्या शस्त्राने, किती नुकसान केले याचा अहवाल सर्व्हर तयार करतोच. माझी सूचना एवढीच की, हा तपशील सांगाड्यातही उतरावा. उष्णतेने मारलेल्या जहाजातील कपॅसिटरचे, म्हणजे ऊर्जासाठ्याचे, भाग जळालेले असावेत, पण चिलखताचे पत्रे बऱ्यापैकी शाबूत मिळावेत. स्फोटकांनी फोडलेल्यात याच्या उलट व्हावे. भंगार काढणाऱ्याने आधी सांगाड्याची तपासणी करावी आणि मग चिलखत, ऊर्जायंत्रणा किंवा संगणक-मंडले यांपैकी एकच भाग उघडण्यासाठी निवडावा. तो भाग उघडताच बाकीच्यांतील माल घटू लागावा. अधिक वेळ थांबले तर अखंड चिलखती पत्र्यांसारखे मौल्यवान तुकडे मिळण्याची शक्यता वाढावी, मात्र तेवढा वेळ आपले जहाज इतरांच्या प्रोबना, म्हणजे शोधयंत्रांना, नेहमीपेक्षा सहज सापडावे.

ही पद्धत केवळ खेळाडूंच्या बॅटलशिप आणि त्याहून मोठ्या जहाजांच्या सांगाड्यांना लागू करावी. मिशनमध्ये संगणकाने चालवलेली जहाजे डझनांनी पडतात; त्या प्रत्येकासाठी असा विचार करायला लावणे म्हणजे एका कंटाळ्याच्या जागी दुसरा आणणे होय. 2013 च्या ‘ओडिसी’ विस्तारात हॅकिंगच्या छोट्या खेळानंतर मालाच्या डब्या अवकाशात उधळत आणि त्या घाईघाईने पकडाव्या लागत. तो प्रकार लोकांना रुचला नाही आणि पुढे काढून टाकावा लागला. ‘स्टार सिटिझन’ या दुसऱ्या अवकाश-खेळात 2023 पासून किरणाने जहाजाचा पत्रा हाताने खरवडता येतो आणि ते काम खरोखर रंजक आहे, पण जिथे जहाजही आज्ञा देऊन चालवायचे असते त्या ईव्हमध्ये हातचलाखी उपरी वाटेल. इथे शोभेल तो निर्णय.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला सर्व्हरवरील भाराचा. मोठ्या लढाईत खेळाचा काळ मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत मंदावतो, आणि जानेवारी 2014 मध्ये बी-आर5आरबी या खेळातील तारामंडळात 75 टायटन, म्हणजे सर्वांत मोठ्या वर्गातील, जहाजे पडली, तशा प्रसंगी प्रत्येक सांगाड्याचे गणित त्याच क्षणी करणे परवडणार नाही. म्हणून ते गणित जहाज पडताना न करता, कोणी तपासणी करील तेव्हाच करावे. दुसरा आक्षेप बाजारभावाचा. नवे पदार्थ आणले तर रिगच्या किमती विस्कटतील. त्यासाठी आहेत तेच पदार्थ ठेवून फक्त त्यांचे परस्परप्रमाण बदलावे आणि सरासरी उत्पन्न आजच्या आसपासच राखावे.

भंगारावर कोणाचीच मालकी नसण्याच्या नियमाला मात्र या बदलात धक्का लागता कामा नये. एखाद्याने भाग उघडायला घेतला म्हणून सांगाडा त्याच्या नावे राखून ठेवण्याची सोय कोणी सुचवील, तर तिला माझा विरोध राहील; दुसऱ्याने शेजारी येऊन उरलेला भाग उघडावा आणि दोघांनी आपापसांत काय ते पाहून घ्यावे.