नाशिकमधल्या केअरटेकर ब्युरोचा ८ महिन्यांचा अनुभव, आणि तीन घरांत वाटलेलं बिल

आधीच सांगते, ब्युरोचं नाव लिहीत नाहीये. खाली तक्रारी पण आहेत आणि तिथून घरोघरी आजारी माणसं सांभाळायला जाणाऱ्या मावशींचं पोट त्या ऑफिसवर आहे. पण घरी आजारी सासू किंवा आई आहे, दोन-तीन भावंडं आहेत आणि खर्च एकाच घरावर पडतोय, असं असेल तर शेवटपर्यंत वाचा, कारण मला हे सगळं आधी कोणी सांगितलं असतं तर माझे चार महिने रडण्यात गेले नसते.

मार्चमध्ये आमच्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. वय ७८, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सहा दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. आम्ही इंदिरानगरला राहतो, घर आईंच्या नावावर आहे. मोठे भाऊजी पुण्याला, ननंद कल्याणला. हॉस्पिटलचं बिल आलं तेव्हा तिघांनी न बोलता सारखे पैसे काढले, कोणी एक शब्द बोललं नाही, आणि मला वाटलं चला, आपली माणसं चांगली आहेत. चांगली आहेतच. पण हॉस्पिटलचं बिल एकदा येतं, सगळे तिथे उभे असतात, डॉक्टर समोर असतात, तेव्हा पैसे निघतातच. खरा खर्च घरी आल्यावर सुरू होतो, तो रोजचा असतो, थोडा थोडा असतो आणि तो बघायला कोणी नसतं. फिजिओ ५०० रुपये व्हिजिट, आठवड्यात तीनदा. डायपर, अंडरशीट, एअर बेड, वॉकर, कमोड खुर्ची, प्रोटीन पावडर. मी सकाळी पतसंस्थेत जाते, हे अंबडला शिफ्टमध्ये, मग माणूस ठेवल्याशिवाय पर्यायच नव्हता.

ब्युरो द्वारकेजवळ आहे, शेजारच्या काकूंनी नंबर दिला. रजिस्ट्रेशन १,०००, डिपॉझिट दहा दिवसांच्या ड्युटीचं म्हणजे ७,५००. डे ड्युटी सकाळी ८ ते रात्री ८, रोजचे ७५०. नाईट ८००. जेवण-चहा आपण द्यायचा. आधार कार्डची झेरॉक्स आणि पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागितला तर लगेच दाखवला, हे मला आवडलं, बाकी दोन ठिकाणी विचारलं तर "ताई आमच्याकडे सगळ्या ओळखीच्याच आहेत" एवढंच उत्तर मिळालं होतं. एप्रिल-मे दोन्ही ड्युट्या ठेवल्या, महिन्याचे ४६,५०० झाले. जूनपासून फक्त दिवसाची, २२,५००.

आता ज्यासाठी हे लिहितेय ते. ऑफिसमध्ये ज्या मॅडम बसतात त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारलं की बिल तीन भागात करून तिघांच्या व्हॉट्सॲपवर वेगवेगळं पाठवाल का. त्या आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या पाठवते, पण सही एकाचीच लागेल. ह्यांनी सही केली. तेव्हापासून दर महिन्याच्या १ तारखेला तिघांना वेगळं बिल जातं, त्यावर किती दिवस ड्युटी झाली, किती सुट्ट्या, तुमचा हिस्सा किती, खाली क्यूआर कोड. पैसे थेट ब्युरोला.

याने काय फरक पडतो ते ज्याने आपल्या दिराकडे पैसे मागितलेत त्यालाच कळेल. मी सून आहे. "भाऊजी, मागच्या महिन्याचे राहिलेत" हे वाक्य मी फोन हातात घेऊन मनात दहा वेळा म्हणायचे आणि मग पाणी प्यायला किती वाजता उठल्या, जेवल्या का, एवढंच सांगून फोन ठेवायचे. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे "जाऊ दे, दादाला काय सांगायचं". ऑफिसच्या मॅडमना असलं काही आडवं येत नाही, त्या ५ तारखेला सरळ फोन लावतात, सर पेमेंट बाकी आहे. त्यांचा फोन आल्यावर कोणाला अपमान वाटत नाही. माझा गेला असता तर वाटला असता, आणि तो वर्षभर मनात राहिला असता.

मावशींबद्दल. पहिल्या मावशी पेठ तालुक्यातल्या, आता फुलेनगरला राहतात, वय पंचेचाळीसच्या आसपास. त्यांच्याबद्दल लिहू तेवढं थोडं आहे. आईंना उठवताना काखेत हात घालून ओढायच्या नाहीत, आधी कुशीवर वळवायच्या, पाय पलंगाच्या खाली सोडायच्या, मग वॉकर पुढे. दर दोन तासांनी कूस बदलायच्या, पाठीवर एक लाल डाग दिसला तर त्याच दिवशी मला फोन केला आणि त्यामुळे बेडसोर झाला नाही. आई त्यांच्याशी भांडायच्या, ताट ढकलायच्या, तरी "आजी, दोनच घास, मग नाही विचारत" असं म्हणत अर्धी भाकरी खायला घालायच्या. त्या दीड महिन्यासाठी गावाला गेल्या तेव्हा बदली आली ती मुलगी दिवसभर मोबाईलवर, आईंनी दोनदा हाक मारली तरी उठली नाही, शेवटी आई स्वतः उठायला गेल्या आणि पलंगाचा कठडा धरून उभ्या राहिल्या होत्या, मी घरी आले तेव्हा थरथरत होत्या. तक्रार केली, दुसरी बाई यायला चार दिवस लागले. रजिस्ट्रेशनच्या वेळी २४ तासांत रिप्लेसमेंट देऊ असं सांगितलं होतं. चार दिवस मी रजा टाकली. हा ब्युरोचा मोठा दोष, आणि सिंहस्थाच्या कामामुळे रस्ते बंद आहेत, बाया यायला तयार नाहीत हे कारण मला पटलं नाही.

एक गोष्ट मात्र फार चांगली. ब्युरो एक वही देतं, त्यात मावशी रोज लिहितात, किती वाजता औषध, काय खाल्लं, लघवी किती वेळा, किती पावलं चालल्या. मी रात्री त्या पानाचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायला लागले. काही म्हणायचं नाही, फक्त फोटो. आधी ग्रुपवर माझा मेसेज असायचा "आई बऱ्या आहेत" आणि त्यावर हात जोडलेले. आई बऱ्या आहेत म्हटल्यावर पुण्याला बसलेल्या माणसाला वाटणारच की बऱ्या आहेत तर पैसे कशाचे. यात त्यांचा पूर्ण दोष नाही. मीच कधी सांगितलं नव्हतं की आईंना बऱ्या ठेवायला दिवसात किती वेळा उठावं लागतं.

जूनपर्यंत तिघांचे हिस्से वेळेवर आले, जूनपासून प्रत्येकी ७,५००. जुलैपासून भाऊजींचं बिल थांबलं. मॅडमनी दोनदा फोन केला, मग सही ज्याची त्याच्याकडे, म्हणजे ह्यांच्याकडे मागितले. जुलै-ऑगस्टचे १५,००० आम्ही भरले. तर सही करताना हे लक्षात ठेवा, बिल तीन असली तरी जबाबदारी सही करणाऱ्याचीच राहते, मॅडमनी ते आधी सांगितलं होतं, आम्हीच घाईत नीट ऐकलं नाही. शक्य असेल तर तिघांच्या सह्या घ्या.

भाऊजींचं म्हणणं ननंदेकडून कळलं, की आईचं घर तेच वापरतात, भाडं लागत नाही, मग थोडं जास्त त्यांनी करायला काय हरकत. मी ऐकून दोन दिवस जेवले नाही नीट. पंधरा वर्षं आईंचं सगळं केलं आणि शेवटी भाडं काढलं म्हणून. मग शांत झाल्यावर वाटलं की बोलण्यात अगदीच काही नाही असं नाही. आम्ही खरंच भाडं भरत नाही. आणि ननंदेच्या मिस्टरांची नोकरी जूनमध्ये गेली होती, ती कोणाला न सांगता दागिना ठेवून ७,५०० भरत होती, ते मला सप्टेंबरमध्ये कळलं. म्हणजे सारखे तीन वाटे हे वरून न्याय्य दिसत होतं आणि आत तिघांपैकी दोघांना टोचत होतं.

पिंपळगावहून मामा आले, आईंचे धाकटे भाऊ. त्यांनी सगळ्यांना एका रविवारी बोलावलं, भाऊजी पुण्याहून आले. मामांच्या शेजारी एक रिटायर्ड तलाठी राहतात, त्यांच्याकडून मामा माहिती काढून आले होते की २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे, त्यात आई स्वतः प्रांत ऑफिसच्या ट्रिब्युनलकडे अर्ज करू शकते, महिन्याला १०,००० पर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो, तिथे वकील लागत नाही, आणि मुलगा असो की मुलगी दोघांवर जबाबदारी सारखी येते, सून त्यात येत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन पण आहे. मामांनी हे धमकी म्हणून सांगितलं नाही. ते आईंसमोर म्हणाले, "हे मी वाचलंय, पण माझ्या बहिणीला तिच्या पोरांविरुद्ध अर्जावर अंगठा लावायला मी नेणार नाही, म्हणून आज इथंच बसून ठरवा." आई काही बोलल्या नाहीत, वॉकर पुढ्यात घेऊन बसून राहिल्या.

मग ठरलं ते असं. ननंद दर महिन्याला पाच दिवस येणार, ते पाच दिवस मावशींना सुट्टी. त्या पाच दिवसांचे ३,७५० तिच्या हिश्शात धरायचे आणि वर ती २,७५० देणार, म्हणजे तिचे ६,५००. भाऊजींचे ७,५००. आमचे ८,५००, घर वापरतो म्हणून हजार जास्त, ते ननंदेचे कमी झाले तिथे गेले. बेरीज तीच २२,५००. रात्रीचं मीच उठते, त्याचे पैसे धरले नाहीत, पण मी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं की हे धरलेलं नाही आणि सगळ्यांना माहीत असू द्या. बोलताना आवाज कापत होता. जाऊबाई म्हणाल्या, "खरं आहे तुझं." एवढं मला पुरलं. १५,००० पैकी १०,००० भाऊजींनी दिवाळीच्या आधी दिले, ५,००० अजून बाकी आहेत, ते मी विसरलेले नाही.

ब्युरोने नवीन हिशोब विनातक्रार घेतला, सप्टेंबरपासून २५ दिवसांचं बिल, तीन वेगळे आकडे. यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

जे ब्युरोच्या बिलात येत नाही त्याचा गोंधळ मात्र संपलेला नाही. डायपर, औषधं, फिजिओ, एअर बेडचं लाईट बिल, दूध, मऊ भात-वरणाचा रोजचा वेगळा कुकर. मेडिकलवाल्याला आता सांगितलंय की आईंच्या नावाने वेगळं खातं ठेवा. दिवाळीत जाऊबाई आल्या तेव्हा त्या खात्याचा कागद फ्रीजवर लावलेला त्यांनी बघितला, ३,४०० होते, जाताना मेडिकलमध्ये जाऊन भरून गेल्या, मला नंतर मेडिकलवाल्याने सांगितलं. ते पुढच्या महिन्यात झालं नाही. फिजिओचे अजून आम्हीच देतोय.

आणि अजून एक हिस्सा, तो आमच्यात कोणी धरला नव्हता. मावशींना ७५० मधले ५५० मिळतात. त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं. मी मॅडमना विचारलं तर ऑफिस भाडं, बदलीची बाई, फोन असं सांगितलं. असेल खर्च, पण बारा तास एका म्हातारीचं अंग उचलायचं आणि रोजचे दोनशे दुसरीकडे, हे मला जड गेलं. आम्ही तिघांनी मिळून महिन्याला ६०० मावशींना वेगळे द्यायचं ठरवलंय, प्रत्येकी २००, आणि ते मात्र आतापर्यंत एकदाही कोणी चुकवलेले नाहीत. ब्युरोने बिलावरच मावशींना किती जातात ते लिहावं असं मी त्यांना लेखी कळवलंय, उत्तर आलेलं नाही.

पाचपैकी चार देते. एक कापला तो चार दिवसांच्या रिप्लेसमेंटसाठी आणि न सांगितलेल्या कटसाठी. कोणी जाणार असाल तर आधी विचारा: बिल वेगवेगळं पाठवाल का, सही किती जणांची चालेल, बदली किती तासांत आणि ते कागदावर लिहून द्याल का, सणाच्या दिवसाचा रेट काय, डिपॉझिट ड्युटी बंद केल्यावर किती दिवसांत परत, आणि मावशींच्या हातात किती जातात.

आई आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात, दुपारी खिडकीत बसतात. डॉक्टर म्हणालेत जानेवारीपासून अर्ध्या दिवसाची ड्युटी पुरेल. त्याचा हिशोब परत मांडायला ननंद या रविवारी येतेय, भाऊजी व्हिडिओ कॉलवर असतील, आणि यावेळी वही, मेडिकलचा कागद आणि फिजिओच्या पावत्या तिन्ही टेबलावर ठेवणार आहे.