कॅरेट ठेवायचा की व्हर्जन फिक्स करायचं?

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी बिलिंगची सॉफ्टवेअरं बनवणारी बरीच पोरं आता नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) काम करतात, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची तयार पॅकेजं घेताना त्यांचा नेहमीचा प्रश्न हाच. पॅकेजांची यादी असते त्या पॅकेज डॉट जेसन फाइलमध्ये ^1.4.0 लिहिलं (^ हे चिन्ह म्हणजे कॅरेट) की 2.0.0 च्या आतलं कुठलंही नवीन व्हर्जन चालतं, म्हणजे बगफिक्स आणि सिक्युरिटी पॅच फाइलला हात न लावता मिळतात. शून्यापासून सुरू होणाऱ्याला मात्र वेगळा नियम, ^0.2.3 फक्त 0.3.0 च्या आतच राहतं, हे लय जणांना माहीतच नसतं.

पण जानेवारी 2022 ला काय झालं बघा, कलर्स नावाच्या पॅकेजच्या लेखकानंच मुद्दाम न संपणारा लूप टाकून नवीन व्हर्जन सोडलं आणि ज्यांचा कॅरेट मोकळा होता त्यांच्याकडं ते आपोआप आलं. नुसतं 1.4.0 लिहिलेल्यांना काही झालं नाही.

तरी फिक्स करणं पुरेसं नाही राव, कारण आपण आपलीच पॅकेजं बांधतो, त्यांच्या पोटातली पॅकेजं मोकळीच राहतात. ती बांधते लॉकफाइल, म्हणजे बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल. म्हणून माझं मत, दुकानात चालणारं ॲप असेल तर व्हर्जन फिक्स, लॉकफाइल गिटमध्ये (कोडचे बदल जपणारं साधन), आणि सर्व्हरवर पॅकेजं बसवायला एनपीएम इन्स्टॉल ही कमांड नको, एनपीएम सीआय वापरा, ते लॉकफाइल पॅकेज डॉट जेसनशी जुळली नाही की सरळ एरर देऊन थांबतं. लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी वापरायचं पॅकेज, लिहित असाल तर कॅरेटच ठेवा, नाहीतर वापरणाऱ्याकडं एकाच पॅकेजच्या दोन-दोन कॉप्या येतात. अपडेट मात्र सौद्यांची गर्दी नसताना, एकेक करून, टेस्ट चालवून.