आजीचा आवाज ठेवायला फॅमिलीसर्च : सोलापुरी घरात कितपत चालतं?

फॅमिलीसर्च ही वंशावळ ठेवण्याची फुकट सेवा. संकेतस्थळ आहे, मोबाइलवर ‘फॅमिली ट्री’ नावाचं ॲप आहे, वर्गणी काही नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातला मॉर्मन हा ख्रिस्ताला मानणारा पंथ ती चालवतो. वंशवृक्ष काढून देणाऱ्या सेवा पुष्कळ आहेत, पण इथं हिचा विचार एकाच कामापुरता केला आहे. घरात हरिपाठ म्हणणारी, ओव्या पाठ असलेली, भजनी मंडळात पेटी धरणारी आई किंवा आजी आहे. तिचा आवाज तिच्या नावागावासकट पतवंडांपर्यंत पोचवायचा आहे. त्याला ही सेवा पुरते का? आवाज कोणाचा आणि गाणं कुठून आलं हे टिकवायला ती चांगली आहे. मूळ ध्वनिमुद्रण सांभाळायला अपुरी आहे. आणि आपल्या बायकांच्या नावांपुढं ती अडखळते.

ती अशी का घडली हे कळायला ती चालवणाऱ्यांच्या घरात डोकवावं लागतं. मॉर्मन श्रद्धेप्रमाणे मंदिरात विधीनं बांधलेली नाती मृत्यूनंतरही तुटत नाहीत. त्यामुळे पूर्वज शोधणं हे त्यांच्याकडे छंदाचं नाही, धर्माचं काम. १८९४ साली त्यांनी जिनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ युटा काढली, तिचंच आजचं रूप म्हणजे फॅमिलीसर्च. संकेतस्थळ १९९९ मध्ये आलं. त्यांच्या स्थानिक मंडळीत पगारी धर्मगुरू नसतो, पगारी वादकही नसतो, सगळी कामं सेवा म्हणून वाटून दिलेली असतात. म्हणून तिथली गाणारी भाविक आजी रविवारच्या सभेत ऑर्गनवर बसते, लहान मुलांच्या वर्गाला गाणी शिकवते, सोमवारी संध्याकाळी घरच्यांना एकत्र बसवून प्रार्थना आणि गाणं घेते, रात्री रोजनिशी लिहिते. ही परंपरा पंथाइतकीच जुनी आहे: संस्थापक जोसेफ स्मिथ यांची पत्नी एमा हिच्याकडे १८३० मध्येच भजनं निवडण्याचं काम सोपवलं होतं. सॉल्ट लेक सिटीतला टॅबरनॅकल कॉयर हा सुमारे ३६० गायकांचा ताफाही बिनपगारीच गातो. अशा आजीच्या मागं रोजनिश्या, फोटो आणि गाणी उरतात. फॅमिलीसर्चमध्ये प्रत्येक व्यक्तीच्या पानावर ‘मेमरीज’ नावाचा कप्पा आहे तो त्यासाठीच. आपल्याकडच्या आजीकडे रोजनिशी नसते एवढंच. बाकीचा ऐवज तोच.

आता प्रत्यक्ष काम. मेमरीजमध्ये एमपी३, एम४ए आणि डब्ल्यूएव्ही या तीन प्रकारच्या ध्वनिफायली चालतात आणि एका फायलीला १५ एमबीची मर्यादा आहे. इथंच बहुतेकांचं पहिलं बिनसतं. सीडीच्या दर्जाची डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे दीड मिनिटातच कप्पा भरला. १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती माहिती ठेवायची त्याचं हे माप) एमपी३ मिनिटाला जेमतेम १ एमबी घेते, म्हणजे पंधरा मिनिटं मिळतात. नुसता बोलका आवाज असेल तर ६४ केबीपीएस मोनोवर अर्धा तास बसतो, पण गाण्याला तो दर्जा नको. पेटीचा वरचा सूर त्यात पत्र्यासारखा वाजतो. अखंड हरिपाठ एका फायलीत कोंबू नये. अभंगागणिक वेगळी फाइल करावी. उद्या नातवाला ‘देवाचिये द्वारी’ एवढंच ऐकायचं असेल तर तो पाऊण तास पुढं-मागं करत बसणार नाही.

फोनवरच्या रेकॉर्डरची फाइल बहुधा एम४ए असते, ती तशीच चढते. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज मात्र चालत नाही. त्याचा फाइलप्रकार वेगळा असतो आणि आवाज दाबलेला असतो. गावाकडून मावशीनं आजीची ओवी पाठवायची असेल तर आधी रेकॉर्डरवर घ्यायला सांगा आणि फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

मुद्रणाची खोली निवडताना सोलापूरचा विचार करावाच लागतो. एप्रिल-मे मध्ये पंखा आणि कूलर बंद ठेवून दहा मिनिटंही आजीला बसवू नका. रेकॉर्डिंग हिवाळ्यात किंवा पहाटे पाच-सहाला करा. पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालत असेल तर खिडकी लावून भागत नाही, ती खडखड भिंतीतून आणि जमिनीतून येते. फोन टेबलावर न ठेवता चार घड्यांच्या टॉवेलवर ठेवला की बरीच कमी होते. फरशीच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. त्याला उपाय घरातच आहे: आजीच्या पाठीमागं आणि समोर दोरीवर एकेक सोलापुरी चादर टाका. इतकं जाड सुती कापड घुमारा गिळतं, विकतचा फोम लागत नाही.

फोन तोंडापासून एक-सव्वा वीत, थोडा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुत्कार थेट माइकवर येत नाही. आजी स्वतः पेटी वाजवत असेल तर फोन भात्याच्या बाजूला नको. भाता सैल असला की दर दाबाला ‘फस्’ असा आवाज येतो आणि तो नंतर काढता येत नाही. भात्यापासून लांब, आजीच्या बाजूला, तिच्या छातीच्या उंचीला ठेवा. टाळ असतील तर टाळवाली बाई फोनपासून पाच फूट मागं बसवा. टाळाचा आघात फोनच्या माइकला झेपत नाही, आवाज फाटतो आणि नेमके शब्द खाऊन टाकतो. एकदा टाळांसकट आणि एकदा नुसत्या आवाजात, असं दोनदा घेतलेलं बरं. जात्यावरच्या ओवीचं आणखी वेगळं. जातं नसताना फोनसमोर ‘म्हणा’ म्हटलं की लय पडते, ओळी विसरतात. हाताला काही काम द्या, निवडायला डाळ द्या. ओळी आपसूक येतात.

सुरुवातीला आजीच्या तोंडून चार गोष्टी वदवून घ्या: स्वतःचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, गाणं कोणाकडून शिकली, आणि ते कधी म्हणतात. घाणा भरताना, डोहाळजेवणाला, दिंडीत, की सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत. शेवटची गोष्ट लोक हटकून विसरतात आणि वीस वर्षांनी तीच कुणाला ठाऊक नसते. फाइलच्या खालच्या वर्णनात पट्टीही लिहा: काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. वय वाढतं तशी पट्टी उतरते, त्यामुळे दोन मुद्रणांत चाल बदलली की फक्त सूर खाली आला हे पुढच्याला त्यावरून कळतं. गाणं कन्नड वचन असेल किंवा तेलुगू पाट म्हणजे गाणं असेल, तर शब्द मूळ लिपीत आणि देवनागरीत, दोन्हीकडे लिहा. सोलापुरात आजीची भाषा एक आणि नातवाची शाळा दुसऱ्याच भाषेची, हे नेहमीचंच.

नावांपाशी सेवेची खरी परीक्षा होते. फॅमिलीसर्चची रीत अशी की बाईचं पान तिच्या जन्मनावानं, माहेरच्या आडनावानं करायचं; लग्नानंतरचं नाव ‘पर्यायी नाव’ म्हणून खाली जोडायचं. रीत चांगली आहे, कारण माहेर हरवत नाही. पण आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदललेलं असतं आणि मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. मधल्या नावाला वेगळी जागाच नाही, ते पहिल्या नावाच्या चौकटीत घालावं लागतं. तर एक पद्धत ठरवा आणि सगळ्या घरानं तीच पाळा: मुख्य नाव माहेरचं पूर्ण, पर्यायी नाव सासरचं पूर्ण, आणि दुसरं पर्यायी नाव घरातल्या हाकेचं. अव्वा, जिजी, अक्का, नानम्मा, जे असेल ते. नातवंडं शोधणार ती त्याच नावानं.

जन्मतारखेवर फार विश्वास ठेवू नका. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला तर तो बहुधा गुरुजींनी नाव घालताना टाकलेला दिवस आहे. शके साल माहीत असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यापुढं फाल्गुनापर्यंत ७९ मिळवा. शके १८६२ चा भाद्रपद म्हणजे १९४०. ‘मार्शल लॉच्या साली झाली’ असं सांगितलं असेल तर ते १९३०, ‘दुष्काळात लग्न झालं’ हे बहुतेकदा १९७२. तारखेच्या चौकटीत ‘सुमारे’ घालता येतं, ते घाला. खोटी अचूकता नको. आजीनं सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं टीपेत ठेवा.

ठिकाणाच्या बाबतीत जुनं राज्य लक्षात घ्या. अक्कलकोट हे संस्थान होतं, तुळजापूर-नळदुर्गाकडचा भाग निजामाकडे म्हणजे मोगलाईत होता, पंढरपूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. एकाच जिल्ह्यातल्या वाटणाऱ्या तीन आज्या तीन राजवटींत जन्मलेल्या असू शकतात. शोधताना सोलापूरचं आताचं इंग्रजी स्पेलिंग आणि जुनं ‘शोलापूर’चं, दोन्ही घालून बघा.

मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत, आणि इथल्या कन्नड-तेलुगू घरांत तर मामा-भाचीच्या लग्नांतही, तक्त्यावर एकच जोडपं दोन ठिकाणी दिसतं. ती चूक नाही. दोनदा आलं म्हणून एक पुसलं की एका बाजूची नाती तुटतात. दत्तक मुलासाठी नात्याचा प्रकार वेगळा निवडता येतो, ही सोय नीट केलेली आहे.

सगळ्यात त्रासदायक गोष्ट जिवंत माणसांची. जिवंत व्यक्तीचं पान सहसा ते बनवणाऱ्यालाच दिसतं. खासगीपणासाठी हे योग्यच. पण चार चुलत भावंडांनी आपापल्या खात्यातून त्याच आजीची चार पानं बनवली तर कुणालाच पत्ता लागत नाही. आजी गेल्यावर प्रत्येकानं ‘मृत’ अशी नोंद केली की चारही पानं उघडी पडतात आणि जुळवत बसावं लागतं. म्हणून सुरुवातीलाच एका घरी एकाच नातवाकडे हे काम सोपवा. मृत व्यक्तीचं पान सगळ्या जगासाठी एकच असतं, ते कोणीही खातेदार बदलू शकतो. काय बदललं, कोणी बदललं याची यादी राहते आणि जुनं परत आणता येतं, तरी महिन्याकाठी नजर टाकावी लागते. पानाला ‘फॉलो’ केलं की बदलांची सूचना येते. ध्वनिफीत चढवताना मात्र ती उद्या सगळ्यांना ऐकू जाणार असं धरून चाला. ओव्यांत सासूचा उद्धार असतो, आणि त्या सासूचं पान त्याच झाडावर एक फांदी वर आहे.

एक बाब स्पष्ट सांगायला हवी, कारण भाविक घरांना ती खटकू शकते. मॉर्मन पंथात मृत पूर्वजांच्या वतीनं मंदिरात बाप्तिस्मा घेण्याचा विधी आहे. त्यांच्या मते तो स्वीकारायचा की नाकारायचा हे त्या आत्म्यावर आहे. वृक्षातली नावं या विधीसाठीही वापरली जातात. नियम असा की सदस्यांनी फक्त आपल्या पूर्वजांची नावं द्यावीत, आणि गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या व्यक्तीसाठी जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी घ्यावी. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावांवरून वाद झाल्यावर १९९५ मध्ये पंथानं ज्यू संघटनांशी करारही केला. सोलापूरच्या वारकरी किंवा लिंगायत आजीचं नाव कोणी तिथं नेईल ही शक्यता कमीच आहे. तरी घरातल्या मोठ्यांना हे आधी सांगून मगच खातं उघडा. कोणाला पटलं नाही तर तो त्यांचा हक्क.

जुन्या नोंदी शोधायला म्हणून यावर फार वेळ घालवू नका. हरिद्वारसारख्या तीर्थांवरच्या पंड्यांच्या वह्यांची चित्रं इथं आहेत, पण त्यांत भरणा उत्तरेकडच्या घराण्यांचा, आणि पानं हातानं चाळावी लागतात. आपल्या घराण्याची नामावळ त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे समक्ष जाऊन बघणं जास्त फलदायी. ख्रिस्ती घरांना मात्र बाप्तिस्मा-विवाहाच्या इंग्रजी अमदानीतल्या नोंदी मिळू शकतात.

आजीकडे जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा असेल तर पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावरचा ओव्यांचा प्रकल्प आधी पाहा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या त्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत, विषयवार लावलेल्या. आपल्या आजीची ओवी तिथल्या कोणत्या ओवीशी जुळते हे बघून वर्णनात लिहिलं तर फॅमिलीसर्चवरच्या त्या एका फायलीचं वजन वाढतं.

मूळ फाइल, डब्ल्यूएव्ही असो की एम४ए, घरीच राहू द्या: एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे. पेन ड्राइव्ह कपाटात टाकून विसरायची वस्तू नव्हे. वर्षातून एकदा लावून प्रत्येक फाइल पहिली दहा सेकंद वाजवून बघा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग आजीचं हाकेचं नाव, मग गाण्याचा पहिला शब्द. ‘रेकॉर्डिंग ००४७’ या नावाखाली काय आहे ते दिवाळीपर्यंतसुद्धा लक्षात राहत नाही.