लेस्नेस ॲबी: जोती वाचता येणाऱ्यांसाठी

लंडनच्या आग्नेय टोकाला असलेल्या लेस्नेस ॲबी या मध्ययुगीन ख्रिस्ती मठाच्या अवशेषांत उंच कमानी आणि मनोरे पाहायला मिळतील अशा अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल, कारण येथील बहुतेक भिंती गुडघ्या-कमरेएवढ्याच उरल्या आहेत. मात्र रायगडावर नुसत्या जोत्यांवरून वाडे डोळ्यांपुढे उभे करण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला येथे दोन तास सहज पुरतात.

दुसऱ्या हेन्री राजाचा मुख्य न्यायाधिकारी रिचर्ड द लूसी याने ११७८ मध्ये हा मठ स्थापन केला. राजाच्या सरदारांनी केलेल्या, कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याच्या हत्येचे प्रायश्चित्त म्हणून त्याने तो बांधला, असे सांगतात. दुसऱ्याच वर्षी अधिकारपद सोडून तो येथे राहायला आला आणि येथेच वारला. १५२५ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वूल्झी याने ऑक्सफर्डमधील आपल्या महाविद्यालयाच्या खर्चासाठी मठ बंद केला. चर्च, त्याच्या उत्तरेचा चौक आणि भोजनगृह यांची मांडणी आजही पायांखाली स्पष्ट कळते. मला सर्वांत आवडली ती भोजनगृहाच्या भिंतीतील, स्वयंपाकघरातून ताटे सरकवण्याची खिडकी. तिच्यापाशी उभे राहिले की मठातले रोजचे जगणे एकदम जवळचे वाटू लागते.

अवशेषांलगतच्या बागेत औषधी वनस्पतींचे वाफे आणि एक जुने तुतीचे झाड आहे. बाग नीटनेटकी आहे, पण लहान. वेळ राखून ठेवावा तो मागच्या टेकडीवरील राखीव वनासाठी. मार्चमध्ये तेथे रानटी डॅफोडिल आणि एप्रिलच्या अखेरीस ब्लूबेल फुलतात. त्याच रानात सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा वाळूचा थर उघडा पडला आहे. त्या वाळूत जीवाश्म सापडतात, मात्र खणण्याचे नियम आधी समजून घ्यावेत. आम्ही स्वयंपाकघरातली पिठाची चाळण नेली होती आणि अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठा, काळसर, चकाकणारा शार्कचा दात हाती लागला. घरी आल्यावर त्या चाळणीवरून जे ऐकावे लागले, ते वेगळेच.

प्रवेश विनामूल्य आहे. एलिझाबेथ लाइनच्या ॲबी वुड या शेवटच्या स्थानकापासून पायी दहा-पंधरा मिनिटे लागतात. पावसानंतर रानातल्या पायवाटांवर घोट्यापर्यंत चिखल होतो, म्हणून पांढरे बूट घरीच ठेवावेत.