जुना फेंडर प्रिसिजन बेस गिटार: रंग ओरिजिनल हवा की पार्ट?

समजा समोर दोन बेस आहेत, दोन्ही १९६३ चे, म्हणजे १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर घेतली त्याआधीचे, म्हणूनच एवढा भाव. पहिल्याचा सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद होत जाणारा रंग) कारखान्यातलाच आहे पण पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारी कॉइल, परत वाइंड केलेला, आणि पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालचे कंट्रोल, बदललेले. दुसऱ्याचा एकूणएक पार्ट जुना, फक्त बॉडीला नंतर कुणीतरी रंग मारलाय.

वाटतं ना की रंगात काय एवढं? बाजारात उलटंच आहे, रिफिनिश, म्हणजे नंतर परत रंगवलेला, म्हटलं की किंमत साधारण निम्म्यावर येते, आणि पॉटचं तेवढं नाही कारण त्या काळातले पॉट शोधून परत बसवता येतात, गेलेला रंग कुठून आणणार.

रंग बघायचा तर पिकगार्ड, म्हणजे बॉडीवर बसवलेली पट्टी, उघडाच. तेव्हा बॉडीला खिळे ठोकून रंगवायचे, खिळे काढले की बारीक भोकं राहायची आणि आत कोरं लाकूड दिसायचं. भोकात रंग उतरलेला असेल तर विकणारा काहीही सांगो, ते नंतरचं काम.

पार्टवाल्यात पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचा, ३०४६३१२ म्हणजे स्टॅकपोल या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा (३०४), ६३ सालचा, १२ वा आठवडा. पण जुना पॉट कुणीही आणून लावू शकतो, त्यामुळे सोल्डर बघा, चकचकीत ताजा थेंब दिसला की मला तरी शंका येते.

रोज स्टेजवर वाजवायचा असेल तर मी डोळे झाकून दुसरा घेईन, आवाज तोच आणि ओरखडा पडला तरी जीव जात नाही. पुढे विकायचा असेल तर मात्र पहिलाच.