आयसोट्रेटिनॉइनचे आठ महिने: गोळी घ्यायची हे कशावरून ठरलं

"लग्न झालं की जातात गं," असं मावशी म्हणायची. मी २६ची झाले तरी पिंपल्स होतेच. मेडिकलवाल्याने दिलेली 'उजळवणारी' ट्यूब वर्षभर चोपडून झाली होती. तिच्यात स्टेरॉइड होतं, हे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं.

त्यांनीही लगेच आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे हट्टी पिंपल्सवरची ही गोळी, लिहिली नाही. आधी रात्री लावायला अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल (माझ्या निळ्या अभ्र्यांवर पांढरे डाग पडले ते यानेच), जोडीला तीन महिने डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक कॅप्सूल. चेहरा छान निवळला. कॅप्सूल थांबली आणि दीड महिन्यात हनुवटीवर पुन्हा तेच टणक, ठणकणारे गोळे.

या वेळी डॉक्टरांनी पिंपल्स मोजलेच नाहीत. खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात गाल पाहिला, पाठ पाहिली. "खड्डे पडायला लागलेत, आता थांबू नका." मला वाटायचं ही गोळी चेहरा भरून फोड असणाऱ्यांसाठीच. माझे दहा-बाराच होते, पण प्रत्येक जाताना खूण ठेवून जात होता.

सुरू करण्याआधी लिव्हर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि प्रेग्नन्सी टेस्ट. "लग्न नाही झालेलं, ही कशाला?" आईचा चेहरा पडला. पण या गोळीने गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, रक्तदानही नाही. डॉक्टरांनी हे तिच्यासमोरच स्पष्ट सांगितलं ते बरं झालं.

वजन ५४ किलो. पहिला महिना रोज २० मिलिग्रॅम, पुढे रोज ३०. किलोमागे एकूण १२० ते १५० मिलिग्रॅम पोटात जायला हवं, त्या हिशोबाने आठ महिने. रिकाम्या पोटी नीट लागू पडत नाही, म्हणून वरणभात-तुपानंतर. पहिल्या तीन आठवड्यांत पिंपल्स उलट वाढले, मी रडले. ओठ कायम फुटलेले, डोळे कोरडे पडून लेन्स घालणं बंद. पार्लरमध्ये गोळीचं न सांगता अप्परलिपला वॅक्स केलं आणि कातडीच निघाली. चूक माझीच.

बंद करून चार महिने झाले. पाळीच्या आसपास एखादा येतो. जुने खड्डे तसेच आहेत. जेल अजून चालू आहे. अभ्रे आता पांढरेच आणते.