पाळक पती-पत्नी: नेमणूक एक की दोन?

पती-पत्नी दोघांनाही चर्चच्या सेवेचं पाचारण आहे आणि मंडळी (स्थानिक चर्च) म्हणते, "तुम्ही दोघं मिळून आमचं पाळकपद सांभाळा." लॅटिन कॅथलिक परंपरेत धर्मगुरू अविवाहित असतात, ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुषाला दीक्षा मिळते पण त्याच्या पत्नीला नाही. म्हणजे हा प्रश्न मुख्यतः प्रोटेस्टंट जोडप्यांचा. होकाराआधी एवढं ठरवा: जोडप्याची मिळून एक नेमणूक घ्यायची, की प्रत्येकाची वेगळी?

एकत्र नेमणुकीचं सर्वात मोठं उदाहरण मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) ही प्रोटेस्टंट संस्था. विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी 1865 मध्ये लंडनमध्ये ते काम सुरू केलं. स्त्रियांना उपदेशाचा अधिकार आहे, हे कॅथरीन यांनी त्याआधीच, 1859 मध्ये, पुस्तिका लिहून मांडलं होतं. तिथे परंपरेने पत्नीही स्वतः प्रशिक्षण घेऊन अधिकारी, म्हणजे तिथली पाळक, होते. केवळ लग्नामुळे 'पाळकबाई' होण्यापेक्षा हे कितीतरी पुढचं, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण जनरल, म्हणजे मुक्तिफौजेच्या जागतिक प्रमुख, झालेल्या पहिल्या तिन्ही स्त्रिया, इव्हँजेलीन बूथ (1934), इव्हा बरोज (1986) आणि लिंडा बाँड (2011), अविवाहित होत्या. जनरलच्या पत्नीकडे मात्र परंपरेने स्त्रियांच्या कार्याचं जागतिक अध्यक्षपद आलं. दोघांना मिळून एक धरलं की ते 'एक' बहुधा नवऱ्याच्या नावाने ओळखलं जातं.

लहान मंडळीला ही पद्धत सोयीची वाटते. एक घर, एक मानधन, बदली झाली तर दोघांची एकदमच. पण एका मानधनात दोन माणसांचं काम घेणं अन्यायाचंच आहे. शिवाय एकाचा मृत्यू झाला किंवा संसार मोडला, तर दुसऱ्याचं काम आणि छप्पर दोन्ही एका दिवसात जाऊ शकतं.

वेगळ्या नेमणुकांत दोन नेमणूकपत्रं असतात: काम, तास, मानधन, रजा प्रत्येकाची वेगळी. कागदपत्रं वाढतात, आणि "बाई तर हो म्हणाल्या होत्या" असं म्हणत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे सभासदही भेटतात. उपदेश, भेटीगाठी, तरुणांचं काम कोणाकडे ते जाहीर केलं की हा त्रास बराच कमी होतो. बायबलच्या नव्या करारातल्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याच्या घरी मंडळी जमे, दोघांनी मिळून अपुल्लोस या उपदेशकाला शिकवलं, आणि रोमकरांस पत्रात पौल दोघांना नावानिशी आपले सहकारी म्हणतो, तिचं नाव आधी घेऊन. पोटापाण्यासाठी त्यांचा तंबू बनवण्याचा धंदा होता, हेही विसरू नका.

पद्धत कोणतीही असो, चेकवर फक्त पती-पत्नीच्याच सह्या नकोत, तिसरी सही बाहेरच्याची हवी. दोघांपैकी एकाबद्दल तक्रार असेल तर ती ऐकायला मंडळीतला, त्यांच्या घराबाहेरचा वडील (एल्डर) नेमलेला हवा. आणि एखाद्याने एकापाशी मन मोकळं केलं, तर त्याच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्याला सांगायचं नाही. एका छताखाली राहून हे पाळणं सर्वात जड जातं.

माझा कल दोन पत्रांकडे आहे. मंडळीला एकच मानधन परवडत असेल तर ते अर्धं-अर्धं करा, आणि तासही अर्धे करा. दोन्ही पत्रांचे मसुदे आधी मागा. "बाईंना वेगळं पत्र कशाला, त्या आहेतच की" असं उत्तर आलं, तर अजून होकार देऊ नका.